परफ्यूजन एमआरआय: दादाच्या ब्रेन ट्यूमरसाठी चार वेळा करून घेतला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

रेडिएशन संपून पाच आठवडे झाले होते आणि पहिल्याच एमआरआयच्या रिपोर्टात आलं की ऑपरेशन झालेल्या जागेभोवती काँट्रास्ट घेणारा भाग आधीपेक्षा वाढलाय. दादाला ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा आक्रमक कॅन्सर, आहे हे माहीत होतं, हा ट्यूमर परत येतो हेही माहीत होतं, पण सहा आठवडे रोज रेडिएशन, ३० सिटिंग, एकूण ६० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), सोबत किमोच्या टेमोझोलोमाइड गोळ्या, एवढं सगळं सोसून झाल्यावर पहिल्याच फोटोत 'वाढ' हा शब्द वाचला की माणूस पार खचतो. वहिनीने रिपोर्ट दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवून दिला, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बराच वेळ फोटो बघितले आणि म्हणाले, "हा ट्यूमर असू शकतो आणि रेडिएशनचा परिणामही असू शकतो, साध्या एमआरआयवरून मला दोन्हीत फरक करता येणार नाही, परफ्यूजन करून घ्या."

तिथून आमचा या स्कॅनशी संबंध आला. आत्तापर्यंत चार वेळा झालाय, त्यातला एक पूर्ण वाया गेला, एकाने दादाची ट्रीटमेंट वाचवली, एक सुई न टोचता झाला आणि एकाने अर्धं उत्तर दिलं. मी डॉक्टर नाही, धाकटी बहीण आहे, पण प्रत्येक वेळी सोबत होते, प्रत्येक रिपोर्ट घेऊन रेडिओलॉजिस्टसमोर बसलेय आणि मधल्या काळात हाताला लागेल ते वाचून काढलंय. आम्ही गेलो तेव्हा या स्कॅनबद्दल आमच्या भाषेत काही सापडलंच नव्हतं म्हणून हे लिहितेय. कोणत्याही सेंटरचं नाव घेणार नाही, हा रिव्ह्यू स्कॅनचा आहे आणि तो करून देणाऱ्यांच्या कामाचा आहे.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. स्कॅन खूप कामाचा आहे, पण नीट केला तरच, आणि नीट म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही आधी विचारू शकता. बाकी ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

साधा काँट्रास्ट एमआरआय काय दाखवतो ते समजलं की अर्धं काम होतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत शरीरातल्या इतर ठिकाणांपेक्षा खूप घट्ट असते, काँट्रास्ट म्हणून शिरेतून देतात ते गॅडोलिनियमचं औषध तिच्यातून बाहेर येत नाही, ट्यूमरने ती भिंत बिघडवली की औषध आजूबाजूला झिरपतं आणि ती जागा फोटोत पांढरी दिसते. पण रेडिएशननेसुद्धा हीच भिंत बिघडते. म्हणजे पांढरं दिसलं याचा अर्थ तिथे गळती आहे एवढाच, गळती कशामुळे झाली ते त्या फोटोत लिहिलेलं नसतं. रेडिएशननंतर पहिल्या तीन महिन्यांत असं खोटं वाढल्यासारखं दिसणं इतकं नेहमीचं आहे की त्याला नावच आहे, स्यूडोप्रोग्रेशन, आणि ज्यांच्या ट्यूमरमध्ये एमजीएमटी नावाचं जनुक मिथायलेटेड, म्हणजे बंद पडलेलं, असतं त्यांच्यात ते जास्त दिसतं. २०१० साली जे रानोचे निकष, म्हणजे ब्रेन ट्यूमर वाढला की कमी झाला हे ठरवायचे डॉक्टरांचे नियम, आले त्यात तर स्पष्टच आहे की रेडिएशन संपल्यापासून १२ आठवड्यांच्या आत, रेडिएशन दिलेल्या भागातच वाढ दिसत असेल, तर नुसत्या फोटोवरून ट्यूमर वाढला असं ठरवू नका. हे आम्हाला त्या पहिल्या रिपोर्टाच्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर ते दोन दिवस वेगळे गेले असते.

परफ्यूजन वेगळाच प्रश्न विचारतं. गळती आहे का हे नाही, तर तिथे रक्त किती खेळतंय. वाढत्या ग्लिओब्लास्टोमाला खायला लागतं, तो स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घेतो, वेड्यावाकड्या, फुगलेल्या, पण भरपूर. रेडिएशनने मेलेल्या भागात उलट असतं, रक्तवाहिन्या बंद पडलेल्या, रक्त कमी. दोन्ही जागा साध्या फोटोत सारख्याच पांढऱ्या, पण रक्ताच्या हिशोबात उलट्या. एवढीच कल्पना आहे आणि मला ती पहिल्यांदा समजली तेव्हा फार सुंदर वाटली होती.

आता पहिला स्कॅन, जो वाया गेला. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे डीएससी, त्यात गॅडोलिनियम एका झटक्यात शिरेत सोडतात आणि ते मेंदूतून पहिल्यांदा जात असताना मशीन साधारण दर दीड सेकंदाला अख्ख्या मेंदूचा एक फोटो काढत राहतं. औषध रक्तवाहिनीत आलं की आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि सिग्नल खाली पडतो, जितकं रक्त जास्त तितका खड्डा खोल, औषध पुढे गेलं की सिग्नल परत वर येतो. हा सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा असतो. त्यामुळे औषध एकदम, एका ढेकळासारखं जायला हवं. नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोल असतो, बऱ्याच औषधांमध्ये ७० किलोच्या माणसाला ते साधारण १४ मिली होतं, सेकंदाला ५ मिलीच्या वेगाने दिलं तर तीन सेकंदांत संपतं आणि मागून सलाइनचा धक्का देतात. तेच जर हाताने हळूहळू ढकललं, सेकंदाला १ मिली, तर औषध जायलाच १४ सेकंद लागतात, मग खड्डा कुठला, नुसता उथळ उतार दिसतो.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. किमोनंतर दादाच्या शिरा बारीक झाल्या होत्या, त्या सेंटरला हाताच्या मागच्या बाजूला पिवळी कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची नळी, लावली, पिवळी म्हणजे २४ नंबर, खूप बारीक, लहान मुलांना लावतात ती. तिच्यातून प्रेशर इंजेक्टरने औषध देता येत नाही म्हणून हाताने दिलं. मला तेव्हा यातलं काहीच कळत नव्हतं. रिपोर्टात शेवटी एक ओळ आली की परफ्यूजनचा दर्जा पुरेसा नाही, निष्कर्ष काढता येत नाही, बस. डोस गेला, दिवस गेला, दादा पाऊण तास त्या नळीत डोकं न हलवता पडून राहिला, आणि हातात काही नाही. मला राग याचा आला की कॅन्युला लावतानाच त्यांना माहीत होतं की हे चालणार नाही, तेव्हाच सांगितलं असतं तर आम्ही दुसऱ्या दिवशी आलो असतो, कोपराजवळची शीर बघितली असती, काहीही केलं असतं.

म्हणून पहिला सल्ला हाच, कॅन्युला गुलाबी किंवा हिरवी हवी, म्हणजे २० किंवा १८ नंबर, आणि शक्यतो कोपराच्या खाचेत, उजव्या हाताला असेल तर अजून चांगलं कारण उजवीकडून हृदयापर्यंतचा रस्ता जवळचा आणि सरळ आहे. आदल्या दिवशी आणि सकाळी पाणी भरपूर पिऊन जा, अर्थात डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर, शीर सापडायला सोपी जाते.

दुसरा स्कॅन दुसऱ्या ठिकाणी, दहा दिवसांनी. तिथल्या टेक्निशियन ताईंनी दादाचा हात बघून आधी गरम शेक दिला, दहा मिनिटं थांबल्या, मग कोपराजवळ हिरवी कॅन्युला लावली आणि सलाइन जोरात सोडून बघितलं की शीर फुगत तर नाही ना. मग दादाला म्हणाल्या, "आता मशीनचा आवाज बदलेल, टकटक नाही, एकदम सतत बीप बीप होईल, त्या आवाजाच्या मध्येच हातात गार वाटेल, तेव्हा दचकू नका, गिळू पण नका शक्यतो, फक्त दोन मिनिटं." या एका वाक्याने इतका फरक पडतो! दादा नंतर म्हणाला की गार वाटलं तेव्हा त्याला कळलं की हेच ते, आणि तो श्वाससुद्धा हळू घेत पडून राहिला. आधीच्या ठिकाणी कुणी काही सांगितलं नव्हतं आणि औषध जाताना तो दचकला होता, हे तो मला आत्ता बोलला.

या ठिकाणी अजून एक गोष्ट केली होती जी मला नंतर समजली. ट्यूमरमध्ये भिंत गळकी असते, त्यामुळे औषध जाता जाता बाहेर झिरपतं आणि झिरपलेलं औषध सिग्नल वर ढकलतं, म्हणजे खड्डा खोटाच उथळ दिसतो आणि ट्यूमरमधलं रक्त आहे त्यापेक्षा कमी मोजलं जातं. काही वेळा उलटही होतं, जास्त मोजलं जातं. विचार करा, ज्या जागेबद्दल प्रश्न आहे तिथेच मोजमाप चुकणार. त्यावर उपाय दोन, एक म्हणजे मुख्य डोसच्या पाच-दहा मिनिटं आधी थोडं औषध देऊन ठेवायचं, म्हणजे गळकी जागा आधीच भरलेली राहते, आणि दुसरं म्हणजे मशीनच्या सेटिंगमध्ये फ्लिप अँगल कमी, साधारण ३० अंश ठेवायचा, म्हणजे झिरपण्याचा परिणाम मुळातच कमी होतो. शिवाय नंतर सॉफ्टवेअरमध्ये गळतीची दुरुस्ती करतात ती वेगळीच. २०२० मध्ये या विषयातल्या लोकांनी एकत्र येऊन याबद्दल एकमताने शिफारसी छापल्यात, त्यामुळे तुमच्या सेंटरला "लीकेज करेक्शन करता का" असं विचारायला अजिबात संकोच करू नका, चांगल्या रेडिओलॉजिस्टला हा प्रश्न आवडतो, हा माझा अनुभव आहे.

त्या आधीच्या डोसच्या वेळी त्यांनी डीसीई पण करून घेतलं. ते वेगळं असतं, त्यात खड्डा नाही, चढ बघतात, औषध हळूहळू किती वेगाने झिरपतंय ते पाचेक मिनिटं मोजत राहतात आणि त्यातून केट्रान्स नावाचा आकडा काढतात, म्हणजे गळतीचा दर असं समजा. ऐकायला छान आहे, हाडाजवळ फोटो वेडावाकडा होत नाही हा मोठा फायदा, पण वेळ जास्त लागतो, आकडे काढायची पद्धत गुंतागुंतीची आहे आणि दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळवणं अवघड. आमच्या बाबतीत त्यातून निर्णय बदलला असं काही झालं नाही. म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. यासाठी मी त्यांना आयुष्यभर दुवा देईन. रंगीत नकाशा समोर आला, निळा, हिरवा, लाल, आणि त्या पांढऱ्या जागेच्या कडेला एक लाल रेघ बघून वहिनीचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या, "रंग बघू नका, ही शीर आहे, नेहमीची, सगळ्यांना असते. आणि ही पट्टी मी अशी सरकवली की सगळंच लाल होईल, अशी सरकवली की सगळंच निळं." आणि खरंच त्यांनी माउसने पट्टी सरकवून दाखवली. रंगीत फोटो मोबाईलवर घेऊन एकमेकांना पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, स्केल माहीत नसेल तर त्या रंगाला काही अर्थ नाही.

मग त्यांनी खरं काम दाखवलं. संशयाच्या जागेत सगळ्यात जास्त रक्त जिथे आहे तिथे एक छोटा गोल ठेवला, दुसरा गोल मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या निरोगी व्हाइट मॅटरमध्ये (मेंदूचा मुळातलाच पांढरट भाग, काँट्रास्टने पांढरा झालेला नव्हे), आणि दोन्हींचं गुणोत्तर काढलं, त्याला आरसीबीव्ही म्हणतात, रक्ताचं सापेक्ष आकारमान. १ आलं म्हणजे तिथे निरोगी व्हाइट मॅटरइतकंच रक्त आहे. दादाचं १ च्या आसपास होतं, तीन ठिकाणी गोल ठेवून बघितलं तरी तेवढंच. त्यांनी दोन्ही जागांचे आलेखही शेजारी शेजारी लावले, जवळपास सारखाच खड्डा. मॅडमचे शब्द जसेच्या तसे आठवतात, "मी ट्यूमर नाहीच असं लिहू शकत नाही, पण मला इथे वाढत्या ट्यूमरसारखं रक्त दिसत नाहीये, थांबून परत बघा." डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या, काही बदललं नाही, आठ आठवड्यांनी परत एमआरआय झाला आणि तो भाग लहान झालेला होता. त्या रात्री घरात सगळे झोपले.

परफ्यूजन नसतं तर? कदाचित घाबरून चांगली चालू असलेली ट्रीटमेंट बंद झाली असती, कदाचित परत डोकं उघडलं असतं. या एका गोष्टीसाठी मी या स्कॅनला पाचातले पाच द्यायला तयार आहे.

पण आकड्यांबद्दल सावध करते, कारण मी स्वतः त्यात अडकले होते. नेटवर कुठेही शोधलं की १.७५ हा आकडा समोर येतो. तो २००३ सालच्या एका अभ्यासातून आलाय, १६० ग्लिओमाचे (ग्लिओब्लास्टोमा ज्या गटात येतो तो गट) पेशंट होते, आणि १.७५ ही रेघ धरली तर जास्त ग्रेडचे, म्हणजे जास्त आक्रमक, ट्यूमर ९५ टक्के पकडले जात होते. हे वाचून वाटतं की झालं, रेघ मिळाली. पण त्याच अभ्यासात स्पेसिफिसिटी ५७.५ टक्के होती, म्हणजे कमी ग्रेडच्या शंभर ट्यूमरपैकी चाळीसहून जास्त उगाचच रेघेच्या वर गेले असते. आणि मुळात ती रेघ नवीन, ट्रीटमेंट न झालेल्या ट्यूमरची ग्रेड ओळखायला होती, रेडिएशननंतरच्या प्रश्नाला नव्हती. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा नावाचा ट्यूमर तर कमी ग्रेडचा असला तरी बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने भरलेला असतो, त्याचा आकडा वर असतोच. मेनिन्जिओमा बऱ्याचदा साधा असतो पण रक्ताने भरलेला, त्याचाही आकडा खूप वर. उलट मेंदूतला लिम्फोमा साध्या फोटोत भगभगीत पांढरा दिसतो आणि रक्त मात्र ग्लिओब्लास्टोमापेक्षा कमी, हाच फरक वापरून डॉक्टर दोघांना वेगळं ओळखायचा प्रयत्न करतात. म्हणजे आकडा जास्त म्हणजे वाईट, कमी म्हणजे चांगला असं सरळ गणित नाहीये, कोणता ट्यूमर, कोणती ट्रीटमेंट, कधी झाली, हे सगळं शेजारी ठेवूनच तो वाचायचा. शिवाय वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून त्याच स्कॅनचे आकडे वेगळे येतात. दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांशी आकड्यांची तुलना करू नका, मी केली होती आणि आठवडाभर उगाच रडले.

तिसरा स्कॅन सात महिन्यांनी. तेव्हा दादाला मध्ये ताप आणि उलट्या होऊन पाणी कमी झालं होतं आणि क्रिएटिनिन वाढलेलं, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करतेय त्याचा आकडा, ३० च्या खाली गेलं होतं. अशा वेळी गॅडोलिनियम देताना डॉक्टर फार विचार करतात, कारण काही जुन्या प्रकारच्या औषधांनी किडनी खराब असलेल्या लोकांना नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस नावाचा कातडी कडक होणारा गंभीर आजार झालेला आहे. औषधांचे दोन प्रकार असतात, लिनियर आणि मॅक्रोसायक्लिक, मॅक्रोसायक्लिकमध्ये गॅडोलिनियम पिंजऱ्यात बंद केल्यासारखं घट्ट धरलेलं असतं म्हणून ते जास्त सुरक्षित मानतात. २०१४ मध्ये हेही पुढे आलं की पुन्हा पुन्हा औषध घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचा अंश साठलेला दिसतो, २०१७ मध्ये युरोपात काही लिनियर औषधं बंद केली, त्या साठण्याने मेंदूला अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण ज्याला दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करायचाय त्याने कोणतं औषध देताय हे विचारावंच.

तर त्या वेळी रेडिओलॉजिस्टनी एएसएल केलं. यात बाहेरून काहीच देत नाहीत. मशीन मानेत, मेंदूकडे चाललेल्या रक्तातल्या पाण्यालाच रेडिओ लहरींनी खूण करतं, ते रक्त मेंदूत पोचेपर्यंत थांबतं आणि फोटो काढतं, मग खूण न करता तसाच फोटो काढतं, आणि दोन्हींची वजाबाकी करतं. उरतं ते फक्त नुकतं आलेलं रक्त. १९९२ पासूनची कल्पना आहे ही. मला अजूनही यावर विश्वास बसत नाही की स्वतःचंच रक्त औषधासारखं वापरता येतं. शिवाय आकडा थेट मिळतो, १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला किती मिली रक्त, आणि भिंतीच्या गळतीचा त्रास यात फारसा नाही.

तोटे पण आहेत आणि ते आम्ही भोगले. खुणेचा सिग्नल जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो, म्हणून तोच तोच फोटो चार-पाच मिनिटं परत परत काढावा लागतो आणि त्या वेळात पेशंट हलला की वजाबाकी बिघडते. दादा तापातून उठलेला, खोकला होता, पहिला प्रयत्न वाया गेला, दुसऱ्यांदा टेक्निशियनने डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम दाबून बसवला आणि मग बरा आला. दुसरं म्हणजे खूण काही सेकंदांतच विरते, ज्यांचं रक्त हळू पोचतं, वयस्कर लोक किंवा मानेच्या धमन्या अरुंद झालेले, त्यांच्यात रक्त अजून मोठ्या वाहिनीतच असतं तेव्हाच फोटो निघतो आणि खोटे चमकदार ठिपके दिसतात. २०१५ च्या शिफारशीत पेशंटसाठी खूण केल्यावर साधारण २ सेकंद थांबायला सांगितलंय. ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन असेल तर खूण जरा जास्त टिकते, म्हणून एएसएल करायचं असेल तर ३ टेस्ला कुठे आहे ते बघा. आणि स्कॅनच्या आधी कॉफी नको, कॅफीनने मेंदूतलं रक्त खरोखर कमी होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

एएसएलचा फोटो दिसायला धूसर असतो, डीएससीसारखे बारकावे दिसत नाहीत. पण आमचा प्रश्न होता की जुन्या जागेत रक्त वाढलंय का, तेवढ्याला त्याने उत्तर दिलं, वाढलं नव्हतं. किडनी नाजूक असेल, शिरा सापडत नसतील, लहान मूल असेल, तर मी आधी एएसएलच विचारीन.

चौथा स्कॅन त्यानंतर पाच महिन्यांनी, आणि हा लिहायला जड जातोय. पांढरा भाग परत वाढला होता. डीएससीत बहुतेक भागात रक्त कमी, पण मागच्या एका कोपऱ्यात आकडा स्पष्ट वर, मागच्या स्कॅनमध्ये तिथे काही नव्हतं. शिवाय ऑपरेशनच्या वेळच्या जुन्या रक्ताच्या डागाने एका बाजूचा सिग्नल पूर्ण काळा झालेला, तिथलं काहीच वाचता येत नव्हतं. डीएससी ज्या झटपट पद्धतीने फोटो काढतं त्यात रक्ताचे डाग, धातूच्या क्लिपा, नाकाच्या पोकळ्यांजवळचं हाड, हे सगळं फोटो बिघडवतं, त्यामुळे ट्यूमर कवटीच्या तळाशी असेल तर या स्कॅनकडून फार अपेक्षा ठेवू नका. डॉक्टरांच्या बैठकीत ठरलं की बायोप्सी करायची, आणि सर्जननी तोच रंगीत नकाशा ऑपरेशनच्या नेव्हिगेशनमध्ये, म्हणजे सर्जनला जागा दाखवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, घालून नेमका त्या कोपऱ्यातूनच तुकडा घेतला. अंदाजाने मधूनच घेतला असता तर कदाचित नुसता मेलेला भाग हाती आला असता. रिपोर्टात दोन्ही आलं, ट्यूमरच्या पेशी आणि रेडिएशन नेक्रोसिस (रेडिएशनने मेलेला भाग), एकाच तुकड्यात. मला तेव्हा कळलं की 'हे की ते' हा आमचा प्रश्नच अपुरा होता, बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं आणि कोणताही स्कॅन ते पूर्ण वेगळं करून देऊ शकत नाही.

आता सेवेबद्दलच्या तक्रारी, ज्या जवळपास सगळीकडे सारख्या आहेत. सीडीवर फक्त रंगीत नकाशे देतात, परफ्यूजनचा मूळ डेटा देत नाहीत, मग दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला गेलं की ते परत मोजू शकत नाहीत. मागितलं की देतात, पण मागावं लागतं. रिपोर्टात औषध किती दिलं, आधीचा डोस दिला का, गळतीची दुरुस्ती केली का, गोल कुठे ठेवला, यातलं काही लिहीत नाहीत, नुसतं 'परफ्यूजन वाढलेलं नाही' एवढंच, त्यावरून पुढच्या वेळी तुलना कशी करायची? दादा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेतोय का हे आम्हाला चारपैकी एकदाच विचारलं गेलं, खरं तर स्टेरॉइडने गळती कमी होते आणि फोटो बदलतो. बेव्हॅसिझुमॅब चालू असेल तर हे अजूनच महत्त्वाचं, त्या औषधाने वाहिन्या घट्ट होऊन पांढरा भाग झटक्यात कमी दिसतो आणि ट्यूमर मात्र आत तसाच असू शकतो. हे सांगायची जबाबदारी पेशंटवर टाकू नये असं मला मनापासून वाटतं, पण सध्या तरी आपणच एका कागदावर लिहून न्यावं.

रेटिंग द्यायचं तर डीएससीला साडेचार, नीट केलेल्या डीएससीला, पिवळ्या कॅन्युलातून केलेल्याला शून्य. एएसएलला चार, कारण सुई नाही आणि परत परत करता येतं. डीसीईला आमच्या अनुभवापुरते तीन. समोर बसवून आलेख दाखवणाऱ्या रेडिओलॉजिस्टला कितीही दिले तरी कमीच.

दादाचा पुढचा स्कॅन सहा आठवड्यांनी आहे, त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर, त्याच टेक्निशियन ताईंची ड्युटी बघून वेळ घेतलीय. कागद तयार आहे, ऑपरेशनची तारीख, रेडिएशन संपल्याची तारीख, स्टेरॉइडचा डोस, शेवटचं क्रिएटिनिन, मागच्या वेळी दिलेलं औषध, आणि सगळ्यात वर वहिनीच्या अक्षरात, 'उजवा हात, हिरवी कॅन्युला'.